‘उभारी’ देता येते, की ती धरावीच लागते?

प्रश्न असा आहे : पावसाचा मोठा खंड पडून पुन्हा सरी आल्या, की बातम्यांत कधी ‘पिकांना जीवदान’ असं छापून येतं, कधी ‘नवसंजीवनी’, कधी ‘उभारी’. हे तिन्ही शब्द एकच का? ‘उभारी’ हा ‘उभारणी’चाच भाऊबंद आहे का, मूळ संस्कृत की हिंदी? आणि ग्रामपंचायतीच्या ठरावात किंवा शाळेच्या निबंधात तो कुठे बसतो, कुठे बसत नाही?

आधी अर्थ सांगतो. वाकलेल्या, पडलेल्या किंवा खचलेल्या गोष्टीला पुन्हा ताठ होण्यासाठी आतून येणारं बळ म्हणजे उभारी. या अर्थात तीन अटी दडलेल्या आहेत. ती गोष्ट आधी कधीतरी उभी होती. मध्यंतरी ती खाली आली. आणि खाली आली तरी तिचं मूळ शाबूत राहिलं. यातली एक अट जरी सुटली, तरी मराठीत दुसरा शब्द वापरावा लागतो, आणि तसे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. नव्या धंद्याला उभारी येत नाही, तो बाळसं धरतो. जळून कोळसा झालेल्या रोपाला उभारी येत नाही, तिथे दुबार पेरणी करावी लागते.

आता व्युत्पत्ती. इथे दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिली वाट ‘उभा’ या शब्दाची. संस्कृत ‘ऊर्ध्व’, म्हणजे वर गेलेला, ताठ. प्राकृतात त्याची ‘उद्ध’ आणि ‘उब्भ’ अशी दोन रूपं झाली. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या दोन्हींची नोंद आहे. ‘ध्व’चा ‘ब्भ’ कसा झाला, हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. ‘व’ हा ओठांचा वर्ण, ‘ध’मध्ये महाप्राण, म्हणजे ‘ह’सारखा जोराचा श्वास, दोन्ही एकत्र आले आणि ओठांचा महाप्राण वर्ण तयार झाला, तो ‘भ’. ‘जिह्वा’ची ‘जिब्भा’ आणि मग ‘जीभ’ झाली, तिथेही ‘व’चा ओठ आणि ‘ह’चा श्वास असेच एक झाले. पुढे मराठीत येताना ‘ब्भ’मधलं द्वित्त, म्हणजे व्यंजनाचं दुहेरीपण, गेलं आणि ‘उभा’ उरला.

लेखनाचा एक प्रश्न इथेच सुटतो. मूळ शब्दात दीर्घ ‘ऊ’ आहे म्हणून काही जण ‘ऊभारी’ लिहितात. ते चूक आहे. ‘दुद्ध’चं ‘दूध’ होताना स्वर लांबला, कारण शब्द तिथेच संपला. ‘सुक्क’चं ‘सुका’ होताना तो लांबला नाही, कारण पुढे ‘आ’ आला आणि जोर तिकडे सरकला. ‘उभा’ आणि ‘उभारी’ हे ‘सुका’च्या रांगेतले. पहिला ‘उ’ ऱ्हस्व, शेवटची ‘री’ दीर्घ.

दुसरी वाट ‘उद् + भृ’ या धातूची, म्हणजे वर उचलून धरणे. ‘द्भ’चा प्राकृतात नियमाने ‘ब्भ’ होतो : ‘उद्भव’चा ‘उब्भव’, ‘सद्भाव’चा ‘सब्भाव’. त्याच नियमाने ‘उद्भार’वरून ‘उभार’ आणि ‘उभारणे’ येतं. म्हणजे एकीकडून ‘ताठ असणे’ आणि दुसरीकडून ‘वर उचलणे’, असे दोन अर्थ ‘उब्भ’ या एकाच ध्वनीशी येऊन थांबले. माझा कल असा, की ‘उभवणे’ हे जुनं रूप थेट ‘उभा’वरून आलं, तर ‘उभारणे’ या रूपातला ‘र’ दुसऱ्या वाटेचा आहे. पण बोलणाऱ्याच्या मनात हा भेद कधीच उरला नव्हता. गुढी उभवतातही आणि उभारतातही. चोखोबांच्या अभंगात गुढीला ‘उभारावी’ हेच क्रियापद आहे, म्हणजे सहाशे वर्षांहून जुना वापर झाला.

हिंदीतला ‘उभरना’ हा आपल्या ‘उभारणे’चा बाप नाही, सख्खा भाऊ आहे. मात्र ‘उभरता कलाकार’ हा प्रयोग अलीकडे हिंदीतून उचललेला आहे. मराठीत ‘नवोदित’ किंवा ‘उगवता’ म्हणावं. हिंदीतला ‘उबारना’ तर वेगळाच. त्यात ‘ब’ आहे आणि अर्थ संकटातून सोडवणे, तारणे. ‘कर्जातून उबारलं’ हे वाक्य मराठीत ‘उभारलं’ करून घेतलं, की अर्थ साफ बिघडतो. ‘उभय’शीही उभारीचा काही संबंध नाही, उभय म्हणजे दोन्ही.

आता ‘उभारणी’ आणि ‘उभारी’. इथे मराठी व्याकरण फार सुंदर काम करतं. ‘-णी’ लावून होणारी नामं कामाची असतात : पेरणी, कोळपणी, खुरपणी, मळणी, बांधणी, उभारणी. त्यात करणारा वेगळा आणि ज्यावर काम होतं ते वेगळं. शिवाय कामाला सुरुवात असते, शेवट असतो, मजुरीचा हिशेब असतो. नुसती ‘-ई’ लावून होणारी बरीच नामं मात्र हालचालीची असतात : उडणे–उडी, उसळणे–उसळी, भरारणे–भरारी. उडी दुसऱ्याकडून मारून घेता येत नाही, उसळी मजुरीवर देता येत नाही. ‘उभारी’ या रांगेतली आहे.

कोणी विचारेल, की ‘उभारणे’ तर सकर्मक क्रियापद. आपण मंडप उभारतो, निधी उभारतो. मग त्याच्यापासून आपल्या आपण होणाऱ्या गोष्टीचं नाम कसं निघेल? याचं उत्तर बोलीत आहे. सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात ‘उभारणे’ हे अकर्मकही चालतं. ‘दारात कोण उभारलंय?’ ‘जरा उभार की.’ ‘औंदा तो सरपंचकीला उभारलाय.’ तिथे उभारणे म्हणजे स्वतः उभं राहणे. पुस्तकी मराठीने यासाठी ‘उभा राहणे’ हे दोन शब्दांचं रूप घेतलं आणि एका शब्दाचं रूप बोलीकडे सोडून दिलं. पण ‘उभारी’मध्ये ते टिकलं. उभारणी सकर्मक ‘उभारणे’ची, उभारी अकर्मक ‘उभारणे’ची, असं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं. शाळेत ‘उभारला’ म्हणणाऱ्या पोराला अशुद्ध बोलतो म्हणून गप्प बसवलं जातं, याचं म्हणूनच वाईट वाटतं. त्या पोराच्या तोंडात प्रमाण मराठीच्या एका चांगल्या शब्दाची किल्ली असते.

शब्दाचं खरं घर शेत आहे, म्हणून तिथे थोडं थांबू. जुलैच्या शेवटी पाऊस दडी मारतो. दुपारी सोयाबीनची पानं लोंबतात, कपाशीचे शेंडे झुकतात. ‘पिकानं माना टाकल्या’ असं आपण म्हणतो. आत घडतं ते असं : पान ताठ राहतं ते त्याच्या पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबामुळे, फुगवलेल्या ट्यूबसारखं. उन्हात पानांतून पाणी उडून जातं आणि मुळांना तितक्या वेगाने ते ओढता येत नाही. दाब उतरतो, पान लोंबतं. रात्री पाणी उडणं थांबतं, मुळं भरपाई करतात आणि पहाटे पान पुन्हा ताठ दिसतं.

म्हणून पिकाची अवस्था दुपारी बघू नये. सकाळी सहा-सातला, ऊन चढायच्या आत बघावी. पहाटे ताठ आणि दुपारी मान टाकलेली, म्हणजे पीक अजून तग धरून आहे. दोन दिवसांत सर आली तर उभारी धरेल. पहाटेही मान खालीच असेल, तर मुळांच्या आवाक्यातलं पाणी संपलं. आपल्या भारी काळ्या जमिनीत एक फसगत होते. ढेकूळ हातात धरलं तर गार, ओलसर लागतं, आणि पीक मात्र सुकत असतं. चिकणमाती पाणी इतकं घट्ट धरून ठेवते, की ते असूनही मुळांना मिळत नाही. हलक्या मुरमाड जमिनीत पीक लवकर मान टाकतं, पण थोड्या पावसावरही लवकर उठतं. भारी जमिनीत पीक उशिरा मान टाकतं आणि एकदा टाकली, की भुरभुर पावसावर उठत नाही; तिथे ओल खोल जाईल असा पाऊस लागतो. ‘उभारी’ या शब्दातला वेळेचा अंश इथून आला आहे. ती क्षणात येत नाही. पावसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाफसा आल्यावर, मुळांना हवा मिळू लागली की दिसते.

म्हणून बातमीतले ‘जीवदान’ आणि ‘उभारी’ हे शब्द खरं तर वेगवेगळ्या दिवसांचे आहेत, आणि त्यांच्यामध्ये ‘सावरणं’ येतं. पाऊस पडला, मरता मरता पीक वाचलं : जीवदान. पानं ताठ झाली, मान वर आली : पीक सावरलं. नवा शेंडा, नवी पानं फुटू लागली, रंग गडद झाला : उभारी. पाऊस पडल्याच्या रात्रीच ‘पिकांना उभारी’ छापणं घाईचं आहे. त्या दिवशी ‘जीवदान’ बरोबर. ‘नवसंजीवनी’चं काय? संजीवनी ही मेलेल्याला उठवणारी. ‘सम् + जीव्’ या धातूपासूनचा शब्द, सोबत लक्ष्मणाची आणि शुक्राचार्याची गोष्ट घेऊन येणारा. वाळून गेलेल्या पिकाला ती कुणी देऊ शकत नाही, आणि जे वाळलं नाही त्याला तिची गरज नाही. संजीवनी आधीच पुन्हा जिवंत करते, तिच्यामागे ‘नव’ लावून काही वाढत नाही. बंद पडलेली संस्था पुन्हा सुरू झाली तिथे संजीवनी शोभते. बंद न पडलेल्या, पण मंदावलेल्या संस्थेला उभारी.

‘उभारी देणे’ या प्रयोगात शेतकरी जे करतो, तेही बघण्यासारखं आहे. पावसाच्या ताणात कोळपणी करून भेगा बुजवायच्या, म्हणजे असलेली ओल उडत नाही. ताण सुटल्यावर २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर. भर दुपारी फवारलं तर पानांच्या कडा करपतात. कपाशीत याच्या उलटही घडतं. लांबलेल्या खंडानंतर एकदम जोराचा पाऊस झाला, पाणी साचलं, की हिरवीगार झाडं अचानक मान टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. तिथे पाण्याची कमी नसते. साचलेल्या पाण्याने मुळांची हवा कोंडलेली असते. पाणी लगेच बाहेर काढायचं, आणि १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश, २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून झाडाच्या बुडाशी १०० मिलीची आळवणी करायची, तीही एक-दोन दिवसांत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात हा उपाय पुन्हा पुन्हा येतो. यातलं एकही काम पिकाला उभं करत नाही. प्रत्येक काम मुळासमोरचा अडथळा दूर करतं किंवा पानाला थोडी भाकर पुरवतं. उभं राहणं पिकाचं पीकच करतं. म्हणून बरेच शेतकरी ‘पिकानं उभारी धरली’ म्हणतात, ‘पिकाला उभारी दिली’ म्हणत नाहीत. खताच्या पिशवीवर मात्र नेहमी ‘देते’ असतं.

लोळलेली ज्वारी हे आणखी एक उदाहरण. वाऱ्या-पावसाने ज्वारी आडवी झाली, तर ताटाच्या पेरांवरच्या गाठी कोवळ्या असेपर्यंत ती वर वळू शकते. जमिनीकडच्या बाजूची गाठ जास्त वाढते आणि ताट कोन करून पुन्हा वर येतं. पुढे असं ताट तळाशी वाकडं आणि वर सरळ दिसतं. कणीस भरत आल्यावर गाठी निबर होतात, मग ते वळणं होत नाही. तेव्हा उभारीची वाट बघू नये, कणसं मातीला लागण्याआधी काढणीचं बघावं.

आता क्रियापदं. उभारी कोणत्या क्रियापदाबरोबर येते, यावर अर्थ फिरतो. ‘उभारी धरणे’ सगळ्यात भक्कम. मराठीत ‘धरणे’ म्हणजे मिळालेलं टिकवणे : मूळ धरणे, तग धरणे, दम धरणे, बाळसं धरणे. ‘उभारी येणे’मध्ये टिकण्याची हमी नाही, आणि ज्याला ती येते त्याला ‘ला’ प्रत्यय लागतो : ‘मनाला उभारी आली’. ‘उभारी देणे’ बोलायला चालतं, पण देणारा कोण हे स्पष्ट हवं आणि ते आधारापुरतं हवं. ‘उभारी घेणे’ बाजाराच्या बातम्यांत फार येतं, आणि तिथेच ते चुकतंही. लातूरच्या आडतीत एका दिवसात सोयाबीनचा भाव दोनशे रुपयांनी वर गेला, तर ती उसळी. दुसऱ्या दिवशी तो खाली येऊ शकतो. आवक, सौदे आणि भाव हे तिन्ही मंदीतून वर येऊन काही आठवडे टिकले, तर बाजाराने उभारी घेतली म्हणावं. ‘उभारी वाटणे’ फक्त माणसाच्या मनाला लागतं, पिकाला नाही.

‘उभारी’ स्त्रीलिंगी आहे, आणि तिचं अनेकवचन करू नये. ‘उभाऱ्या’ असं कोणी बोलत नाही. विभक्ती ‘उभारीला, उभारीने, उभारीचा’. ‘उभारीदायक’ हा जोड कानाला खटकतो. ‘उभारी देणारा’ असं मोकळं लिहावं. ‘उभार’ हा पुल्लिंगी शब्द वेगळा. तो फुगवट्यासाठी, उंचवट्यासाठी आहे. डॉक्टरांच्या कागदावर ‘छातीवर उभार’ असेल, तर ते गाठीबद्दल आहे, तब्येत सुधारल्याबद्दल नाही.

मराठवाड्यात उभारीचे शेजारी बरेच फारसी-अरबी आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरी आणि शाळा उर्दूत, बाजारात दखनी. त्यातले शब्द घरचेच झाले, आणि चांगलंच झालं, कारण त्यांनी अर्थाच्या बारीक छटा दिल्या. ‘उमेद’ फारसी, अर्थ आशा. म्हणून आशेवर असलेला तो ‘उमेदवार’. उमेद पुढच्या दिवसाकडे बघते, उभारी आजच्या अंगात असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसात दांडगी उमेद असू शकते, उभारी नसते. बचत गटांच्या राज्य अभियानाला ‘उमेद’ हे नाव आहे, ते नेमकं आहे. तिथे पहिली गोष्ट आशेचीच. ‘हिंमत’ आणि ‘ताकद’ अरबी. ताकद मोजता येते, हिंमत दाखवता येते. पण त्या पूर्वी पडलेल्याच्याच असाव्यात असं नाही. ‘ताजातवाना’ हा जोडशब्द आहे : ‘ताजा’ म्हणजे नवा, ‘तवाना’ म्हणजे फारसीत बळकट. ‘नव्याने बळकट’ हा अर्थ त्यात अक्षरशः आहे, तरी वापर मात्र थकवा जाण्यापुरता राहिला. झोप झाली, चहा झाला, माणूस ताजातवाना. तिथे कोणी पडलेलं नव्हतं, नुसतं दमलं होतं. म्हणून तिथे उभारी नको.

‘हुशारी’ मात्र विसरत चाललेली आहे, आणि ती जपावी असं मनापासून वाटतं. आज हुशार म्हणजे शाळेत पहिला येणारा. पण मूळ फारसी ‘होशियार’ म्हणजे शुद्धीवर असलेला, सावध. जुनी माणसं तापातून उठलेल्याला विचारतात, ‘आता जरा हुशारी वाटती का?’ त्यात शुद्ध, तरतरी, डोळ्यांतली चमक हे सगळं येतं. आजारपणाचा क्रम बोलीत फार नीट लावलेला आहे. ताप उतरला, मग हुशारी आली, मग तोंडाला चव आली, मग अंग धरलं, आणि शेवटी माणूस कामाला लागला, उभारी धरली. डॉक्टर एका शब्दात ‘रिकव्हरी’ म्हणतात, त्याचे हे पाच टप्पे आहेत. रुग्णाला भेटायला जाणाऱ्याने कोणत्या टप्प्यावर काय विचारावं, तेही यातून कळतं.

संस्कृत शेजाऱ्यांत मला ‘पुनर्नवा’ सगळ्यात जवळची वाटते. पुन्हा नवी होणारी, ती पुनर्नवा. बांधावर पसरणारी घेटुळी. उन्हाळ्यात तिचा वरचा पसारा वाळून जातो, पण मूळ जाड आणि खोल असतं. पाऊस पडला की त्याच मुळातून ती पुन्हा फुटते. ‘पुनर्वसू’ नक्षत्राचं नावही त्याच घडणीचं, पुन्हा संपन्न होणारं. जुलैत पडणाऱ्या त्याच्या पावसाला आपल्याकडे ‘तरणा पाऊस’ म्हणतात आणि त्याच्यामागून येणाऱ्या पुष्याला ‘म्हातारा’. ‘पालवी’ पल्लवावरून, तिच्यात कोवळेपणा आहे, ताठपणा नाही. ‘आशेला पालवी फुटली’ बरोबर, ‘आशेला उभारी आली’ ढिलं. ‘कात टाकली’ म्हणजे रूप बदललं. रंगरंगोटी झालेल्या एसटी स्टँडने कात टाकली असेल. गाड्या वेळेवर सुटू लागल्या, तरच उभारी.

उभारणी आणि उभारीतला फरक मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन अनुभवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, हजारो माणसं गेली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. आखीव रस्ते, नवी घरं, शाळा, समाजमंदिरं, हे सगळं उभारणीत मोडतं. त्याचा आराखडा होता, खर्च होता, ते पूर्ण झाल्याची तारीख होती. उभारीला अशी तारीख नसते. घर मिळालेल्या माणसाने पुन्हा दारात तुळस लावणं, गोठ्यात जनावर बांधणं, राहिलेल्या लेकराचं लग्न ठरवणं, हे ज्याच्या त्याच्या वेळेने झालं. कुठे दोन वर्षांत, कुठे वीस वर्षांत, कुठे नाहीच. अहवाल लिहिणाऱ्यांनी ‘पुनर्वसन पूर्ण झाले’ असं लिहावं, त्याला हरकत नाही. ‘गावाने उभारी घेतली’ असं लिहायचं असेल, तर ते गावाला विचारून लिहावं.

शोकाच्या प्रसंगीही हाच विवेक पाळावा. घरातलं माणूस गेल्यावर लगेच ‘उभारी धरा’ म्हणू नये. त्या दिवशीचा शब्द ‘सावरा’ आहे. तो ‘संवर’वरून आला, त्यात आवरून धरण्याचा भाव आहे, उठून चालू लागण्याची अपेक्षा नाही. ‘सावरा वहिनी, लेकरांकडं बघा’ असं आपल्याकडे बायका म्हणतात. उभारीची भाषा वर्षश्राद्धानंतर.

कुठे हा शब्द अजिबात बसत नाही, तेही सांगितलं पाहिजे. नदीला उभारी येत नाही, कारण नदी उभी नसते. ती वाहती होते, जिवंत होते. विहिरीला पाणी येतं, पाझर फुटतात. जमिनीलाही हा शब्द लागत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना, मांजरा काठच्या शिवारांत कितीतरी ठिकाणी वरची काळी माती खरवडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. तिथे ‘शेतीला उभारी’ असा मथळा देणं चूक आहे, कारण मूळ ज्यात धरायचं तेच गेलेलं आहे. तिथे गाळ आणून टाकणं, बांध घालणं, शेणखत भरणं अशी नेमकी कामं लिहावीत. शब्द मोठा वापरला, की काम लहान दिसतं, आणि मदतीच्या अर्जात ते नुकसानीचं ठरतं.

शेवटी ठरावाचा प्रश्न. ‘अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांना आर्थिक उभारी देण्यासाठी अनुदानाची उभारी करण्यात यावी’ या धाटणीची वाक्यं ठरावांत दिसतात. त्यात दोन चुका आहेत. निधीची उभारणी होते, उभारी नाही. आणि अनुदान आधार देतं. उभारी शेतकरी धरतो. हेच असं लिहावं : ‘अतिवृष्टीने पीक गेलेल्या खातेदारांना रब्बीच्या पेरणीपूर्वी बियाणे व खतासाठी अनुदान मिळावे, म्हणजे त्यांना पुन्हा उभारी धरता येईल.’ यात कोण काय देणार, कधीपर्यंत, आणि त्यानंतर शेतकरी काय करणार, हे तिन्ही वेगळे दिसतात. तलाठी आणि ग्रामसेवकाला कार्यवाही करायलाही असंच वाक्य सोपं पडतं. ‘रब्बीच्या पेरणीपूर्वी’ हे शब्द मात्र गाळू नका. ऑक्टोबर उलटल्यावर आलेलं बियाण्याचं अनुदान ज्वारीच्या पेऱ्याला उपयोगी पडत नाही.